मुलांसाठी काम करायचे तर शिकावे लागेल

जून 2025 च्या अखेरीस छत्रपती संभाजीनगर येथील एका बालगृहातून नऊ अल्पवयीन मुली एकाच वेळी बाहेर पडल्या. त्यानंतरचे दिवस वाचकांना आठवत असतील. छळाचे आरोप झाले, धर्माच्या सक्तीचे आरोप झाले, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. त्या भिंतींच्या आत नेमके काय घडले याचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. ते आम्ही अंगावर घेणार नाही.

परंतु त्या काळात जी चर्चा झाली तिच्याविषयी बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. धर्माचा उल्लेख येताच सर्वांचे लक्ष धर्माकडे वळले. एका बाजूने संताप, दुसऱ्या बाजूने भीती. आपल्या धर्मग्रामांतही मिस्सेनंतर अंगणात जे बोलणे चाले ते बहुधा आपल्यावर आता काय ओढवणार, याविषयीचे असे. त्या नऊ मुलींविषयी फारसे कोणी बोलत नव्हते. आणि एक साधा प्रश्न तर कोणीच विचारला नाही: घरातून तुटून आलेली, कदाचित अत्याचार सोसलेली, कोणावरही विश्वास न उरलेली पंधरा वर्षांची मुलगी ज्यांच्या स्वाधीन आपण करतो, त्या माणसांनी या कामासाठी काय शिकलेले असते? हा प्रश्न त्या एका बालगृहापुरता नाही. तो सरकारी निरीक्षणगृहाला लागू आहे, खासगी संस्थेला लागू आहे आणि आपल्या धर्मप्रांतातील वसतिगृहांनाही लागू आहे.

ख्रिस्तसभेची मराठवाड्यातील वाटचाल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, मुलांना आसरा देणे हे आपल्या मिशनकार्याच्या अगदी मुळाशी आहे. औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली अमरावती धर्मप्रांतापासून वेगळा होऊन स्थापन झाला, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू वैजापूर-गंगापूरच्या वाटा तुडवीत होते. घोगरगावचे जाकियेबाबा आजही त्या पंचक्रोशीत सर्व धर्मांच्या लोकांच्या तोंडी आहेत. दुष्काळात अनाथ झालेली मुले, शाळेपासून मैलोगणती दूर राहणारी मुले, अस्पृश्य म्हणून हाकलली गेलेली मुले यांच्यासाठी बोर्डिंग ही संस्था वरदान ठरली. आज आपल्यात जे शिक्षक, परिचारिका, कारकून, सैनिक आहेत त्यांच्या आजोबा-आजींपैकी कितीतरी जण बोर्डिंगच्या ताटावर वाढलेले आहेत. तो उपकार विसरण्याचे कारण नाही.

मात्र त्या काळात मुलांची काळजी घेण्यासाठी प्रेम, शिस्त, प्रार्थना आणि दोन वेळचे जेवण एवढे पुरेसे मानले जाई. वॉर्डन म्हणून जो कोणी प्रामाणिक असेल तो चालत असे. आज तो काळ राहिलेला नाही, आणि हा बदल केवळ कायद्यामुळे झालेला नाही.

कायदा आधी पाहू. ‘बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम 2015’ आणि त्यावरील 2021 ची दुरुस्ती यांनी मुलांच्या संस्थांचे सारे चित्र बदलून टाकले आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवून घेणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न करता संस्था चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. प्रत्येक मुलाचा सामाजिक तपास अहवाल लागतो, म्हणजे त्याचे घर, नातेवाईक, शाळा, आजार, भीती या सर्वांची प्रत्यक्ष जाऊन केलेली चौकशी. त्यावरून त्या एका मुलासाठी स्वतंत्र काळजी आराखडा तयार करावा लागतो. संस्थेतील कर्मचाऱ्यानेच मुलाशी क्रूर वर्तन केले तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. छडी मारणे हाही गुन्हा आहे, मग ती छडी कितीही चांगल्या हेतूने उचललेली असो.

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचे तत्त्व मात्र शिक्षेच्या कलमांत नाही. ते असे की, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा. आधी त्याचे स्वतःचे कुटुंब सावरावे, ते शक्य नसेल तर नातेवाईक, मग पालकत्व स्वीकारणारे दुसरे कुटुंब, मग दत्तकविधान. सर्व दारे बंद झाली तरच बालगृह. हे तत्त्व ख्रिस्ती मनाला परके वाटू नये. कुटुंबाला आपण गृहमंडळी म्हणतो, घरगुती ख्रिस्तसभा मानतो. पण त्याचा व्यावहारिक अर्थ आपल्या लक्षात आला आहे असे आम्हाला वाटत नाही. गेली शंभर वर्षे आपण इमारती बांधण्यात आणि त्या चालविण्यात निपुण झालो. आता गरज आहे ती मोडकळीस आलेल्या घरात जाऊन बसण्याची, दारू पिणाऱ्या बापाशी बोलण्याची, विधवा आईला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देण्याची आणि महिन्याभराने पुन्हा जाऊन मूल शाळेत जाते की नाही हे पाहण्याची. इमारत वर्गणीतून उभी राहते. हे काम करणारा माणूस वर्गणीतून उभा राहत नाही, त्याला घडवावे लागते.

बालसंगोपन योजनेचेच उदाहरण घ्या. आई-वडिलांपैकी एक गमावलेल्या, घटस्फोट, दुर्धर आजार वा तुरुंगवास यांमुळे कुटुंब कोसळलेल्या मुलांना घरीच राहता यावे म्हणून महाराष्ट्र शासन दरमहा मदत देते. 2023 साली ही रक्कम 1,100 रुपयांवरून 2,250 रुपये करण्यात आली. योजनेला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. महिन्याला सव्वादोन हजार रुपये ही मोठी रक्कम नाही, परंतु ज्या घरात तेवढ्यासाठी मुलगा वीटभट्टीवर पाठविला जातो त्या घरात ती निर्णायक ठरते. आपल्या धर्मग्रामातील किती पात्र कुटुंबांना हे ठाऊक आहे? ठाऊक असलेल्यांपैकी किती जणांना मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, गृहचौकशी हे सर्व पार करता आले? येथेच एका शिकलेल्या सामाजिक कार्यकर्त्याचे मोल कळते.

आता मराठवाड्याकडे वळू, कारण या विषयाची निकड जितकी आपल्या भागात आहे तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्क्यांच्या आणि बीडमध्ये 44 टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे परभणीत जवळजवळ प्रत्येक दुसरी मुलगी. यामागे अज्ञान आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे कारण उसाच्या फडात आहे. ऊसतोडीची उचल ‘कोयत्या’ला मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी असेल तर उचल मोठी. त्यात दसरा-दिवाळीनंतर आई-वडील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघून जातात, तेव्हा वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे? आणि फडावर न्यायचे तर पालाच्या झोपडीत तिच्या सुरक्षिततेचे काय? मग लग्न हा एकच सुरक्षित मार्ग त्यांना दिसतो. आई-बाप वाईट नसतात, त्यांच्यापुढचे पर्याय वाईट असतात.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 प्रमाणे गावात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलेले आहे. पोलीस घेऊन मांडवात गेले की लग्न थांबते, वर्तमानपत्रात बातमी येते. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे काय होते, हे बातमीत नसते. गावात तिच्या आई-वडिलांची नाचक्की झालेली असते, खर्च वाया गेलेला असतो आणि सारा राग तिच्यावर निघतो. कित्येकदा पंधरा दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात जाऊन गुपचूप तेच लग्न उरकले जाते. लग्न थांबविणे हे एका दिवसाचे काम आहे, आणि ते पोलीस करू शकतात. त्या मुलीला हंगामी वसतिगृहात प्रवेश मिळवून देणे, तिची दहावी पूर्ण होईपर्यंत तिच्या घराशी संबंध टिकविणे, वडिलांशी भांडण न करता त्यांना आपल्या बाजूस आणणे हे दोन वर्षांचे काम आहे आणि ते पोलिसांना येत नाही. ते शिकावे लागते.

शेतकरी आत्महत्यांचीही तीच कथा. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदींनुसार 2023 या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत 1,088 शेतकऱ्यांनी जीवन संपविले. त्यात बीड जिल्हा सर्वांत पुढे होता. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे आणि बहुतेक घरांत मुले आहेत. पंचनामा होतो, मदतीसाठी पात्र की अपात्र हे ठरते, पुढारी भेटून जातात. ज्या मुलाने गोठ्यात बापाचा देह पाहिला त्याच्याशी सहा महिन्यांनी कोण बोलते? शाळेत तो एकाएकी गप्प झाला किंवा मारामाऱ्या करू लागला तर शिक्षक त्याला उनाड ठरवितात. दुःखाचे वर्तन कसे दिसते हे ओळखणे ही विद्या आहे, आणि ती उपजत नसते.

येथे आपल्याच भाषेतील एका ख्रिस्ती स्त्रीचे उदाहरण द्यावेसे वाटते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, तरी मराठी ख्रिस्ती माणसाला त्या परक्या नाहीत. त्यांच्या करुणेविषयी आपण पुष्कळ ऐकतो: दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली, केडगावचे मुक्तिसदन, विधवांचा आधार. मात्र त्याआधीची काही वर्षे आपल्या प्रवचनांत क्वचितच येतात. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या व शिकविले. 1886 साली त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे लहान मुलांना खेळातून कसे शिकवावे याचा, रीतसर अभ्यास केला. संस्कृत शास्त्रांत ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या, त्या रमाबाई लहान मुलांपुढे उभे राहण्यासाठी पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले ते त्यानंतर. प्रथम अभ्यास, नंतर संस्था. आपण हा क्रम बहुधा उलटा करतो, आणि अभ्यास राहूनच जातो.

भारतात या विषयाचे औपचारिक शिक्षणही महाराष्ट्रातच सुरू झाले. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. तिचे ग्रामीण केंद्र तुळजापूर येथे, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात आहे. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था 1963 ची. आणि 1955 साली मुंबईत निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय स्थापन केले ते कॅथलिक धर्मभगिनींनी, ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या संघाने. सत्तर वर्षांपूर्वी ख्रिस्तसभेतील स्त्रियांना हे उमगले होते की, सेवेला शास्त्राची जोड हवी. मराठवाड्यातील आपल्या किती कुटुंबांनी या महाविद्यालयाचे नाव ऐकले आहे, याची शंका वाटते. परिचारिका महाविद्यालयांची नावे मात्र आपल्या मुलींना तोंडपाठ असतात, आणि त्यात गैर काही नाही. नर्सिंगच्या वाटेने आपल्या शेकडो घरांत चूल पेटली आहे.

या शिक्षणात असते तरी काय? बी.एस.डब्ल्यू. ही बारावीनंतरची पदवी आणि एम.एस.डब्ल्यू. ही कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, संशोधनपद्धती हे विषय पुस्तकातले. परंतु या अभ्यासक्रमाचा गाभा क्षेत्रकार्य हा आहे. साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा कुटुंब न्यायालयात काम करावे लागते, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो आणि तो मार्गदर्शकापुढे ठेवून त्यावर बोलणी खावी लागतात. आपण कोठे घाईने उपदेश केला, कोठे माणसाचे म्हणणे पुरते ऐकलेच नाही, कोठे स्वतःचा राग त्याच्यावर काढला, हे तेथे उघडे पडते. मदत मागणाऱ्याचा निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा, त्याने सांगितलेले गुपित राखावे, आणि मूल धोक्यात असेल तर मात्र ते गुपित ठेवू नये, हे तारतम्य केवळ सद्भावनेतून येत नाही. ‘पोक्सो’ कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळविणे हा गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने तसे केले तर शिक्षा अधिक आहे. ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून मिटविलेले प्रकरण आता मिटत नाही, आणि मिटूही नये.

मुंबईच्या या टाटा संस्थेतील अशाच क्षेत्रकार्यातून, रस्त्यावरील मुलांशी झालेल्या संवादातून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने 1996 साली चाइल्डलाइन सुरू झाली. 1098 हा क्रमांक पुढे देशभर पोहोचला. 2023 पासून ती सेवा शासनाच्या नियंत्रणाखाली 112 शी जोडली गेली आहे. (हा क्रमांक आपल्या प्रत्येक वसतिगृहात मुलांना दिसेल अशा जागी लावलेला आहे काय, हे धर्मग्राम परिषदेने एकदा स्वतः जाऊन पाहावे. कार्यालयात लावलेला चालणार नाही.)

समाजकार्याच्या शिक्षणातील आणखी एक धडा आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. संस्थेत आलेले मूल ज्या धर्माचे असेल त्या धर्मात त्याला निर्भयपणे राहता आले पाहिजे. त्याची असहायता ही आपली संधी नव्हे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 मध्ये शैक्षणिक संस्थांविषयी हेच सांगितले आहे: संमतीवाचून, आणि मूल अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, कोणालाही धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आणि घटनेकडे न पाहताही आपल्याला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा पुरेसा आहे. 7 डिसेंबर 1965 रोजी ख्रिस्तसभेने जगाला सांगितले की, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे. आपल्यावर आरोप होतात तेव्हा आपण घटनेचा आधार घेतो, आणि तो घ्यावाच. परंतु आपल्या वसतिगृहातील इतरधर्मीय मुलगी रोजरीच्या वेळी काय करते, तिला दुसरे काही करण्याची मुभा आहे हे तिला कोणी सांगितले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ लेखी असले पाहिजे. प्रशिक्षित अधीक्षक असला तर ते उत्तर पहिल्या दिवसापासून नोंदवहीत असते.

आता पैशाविषयी. आपल्या मंडळींना हा भाग रुचणार नाही, तरी लिहिणे भाग आहे.

या क्षेत्रात आज मिळणाऱ्या नोकऱ्या अनेक आहेत: जिल्हा बाल संरक्षण कक्षात संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, बालगृहात अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, रुग्णालयात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ता, शाळांत समुपदेशक. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. ‘पोक्सो’ प्रकरणांत पीडित मुलाला न्यायालयीन प्रक्रियेत सोबत करणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद आहे, आणि ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कागदावर राहू नये म्हणून निर्देश दिले. माणसांची गरज आहे यात शंका नाही. पण मिशन वात्सल्य योजनेतील पदे बहुतांशी कंत्राटी आहेत, मानधन तुटपुंजे असते आणि ते वेळेवर येईलच असे नाही. परिचारिकेला जशी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते तसा समाजकार्य करणाऱ्याला संपूर्ण व्यवसायाचा परवाना देणारा कायदा आपल्याकडे नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक अधिनियमात वैद्यकीय आणि मनोरुग्णसेवेतील सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला, एवढेच. ज्या मुलीला आम्ही या मार्गाने जा म्हणून सांगतो तिला हे सर्व आधी सांगितले पाहिजे. तिच्या आईलाही.

आणि आपल्या संस्थांचे काय? ‘सेवा’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. धर्मभगिनीला वेतनाची अपेक्षा नसते, तिचा संघ तिचा सांभाळ करतो. पण म्हणून तिच्या शेजारी काम करणाऱ्या प्रापंचिक गृहमातेला अल्प मोबदल्यात, सुट्टीवाचून, चोवीस तास राबवावे हे न्याय्य ठरत नाही. थकलेली, कमी वेतनाची, कोणतेही शिक्षण न मिळालेली बाई चाळीस मुलींच्या खोलीत एकटी झोपते. एके रात्री तिचा संयम सुटतो. मग ती एकटी दोषी ठरते. दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण वर्षानुवर्षे ऐकतो, पण त्याच्या शेवटाकडे फारसे लक्ष देत नाही. त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेऊन रात्रभर सांभाळले, आणि सकाळी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर रोख दोन नाणी ठेवली. अधिक खर्च झाला तर परतताना तोही देईन, असे वचन दिले. रखवालदाराने फुकट सेवा करावी असे त्याने सुचविले नाही. पुढची काळजी त्या रखवालदाराच्याच हाती होती. आपल्या परिषदांच्या अंदाजपत्रकांत या रखवालदारासाठी किती तरतूद असते?

जागतिक ख्रिस्तसभेने या बाबतीत फार महाग किंमत मोजून शहाणपण घेतले आहे. अमेरिका, आयर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथील चौकशांनी जे उघड केले त्यानंतर 2014 साली पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला. 2019 साली बिशपांनाही उत्तरदायी धरणारे नियम आले आणि 2023 साली ते कायम करण्यात आले. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात मुलांचे संरक्षण हा आता पदवी देणारा स्वतंत्र विषय आहे. जगभरातील धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक तेथे शिकावयास जातात. फेब्रुवारी 2025 मध्ये, म्हणजे आपल्या निधनाच्या अडीच महिने आधी, पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये मुलांच्या हक्कांवर जागतिक परिषद भरविली होती. ज्या संस्थेला दोन हजार वर्षांचा अनुभव आहे तीही या विषयात विद्यार्थी म्हणून बाकावर बसली आहे. मग आपण केवळ अनुभवाच्या बळावर किती दिवस निभावणार?

आम्हाला ज्या गोष्टी शक्य कोटीतल्या वाटतात त्या मोठ्या नाहीत. धर्मप्रांतात संतांच्या सणाला जो खर्च मांडव, वाजंत्री आणि भोजनावर होतो त्याच्या लहानशा हिश्श्यात दरवर्षी दोन मुलामुलींचे एम.एस.डब्ल्यू.चे शुल्क आणि वसतिगृहखर्च भागू शकेल. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना 1950 च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, राज्यात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणून जातीचा आणि नॉन-क्रीमीलेयरचा दाखला वेळेवर काढून ठेवणे अगत्याचे आहे. ऐन प्रवेशाच्या वेळी दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारताना मुदत निघून गेल्याची उदाहरणे आपल्यात कमी नाहीत. ज्यांना शिकविले त्यांना परत आल्यावर कंत्राट न देता नियमित वेतनावर घ्यावे. जे धर्मगुरू व धर्मभगिनी वसतिगृहे सांभाळतात त्यांनाही, नेमणुकीपूर्वी, किमान काही महिन्यांचे प्रशिक्षण सक्तीचे असावे. आणि आपल्या संस्थांनी जवळच्या समाजकार्य महाविद्यालयांना क्षेत्रकार्यासाठी आपले दार उघडावे. बाहेरचा विद्यार्थी आठवड्यातून दोनदा येऊन प्रश्न विचारू लागला की थोडे अवघडल्यासारखे होते, हे खरे. पण बंद दाराआड जे चालते त्याची चर्चा पुढे न्यायालयात होण्यापेक्षा ते अवघडलेपण परवडले.

टाटा संस्थेचे पदव्युत्तर प्रवेश 2023 पासून केंद्रीय सामाईक परीक्षेतून, म्हणजे सीयूईटी-पीजीमधून होतात. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत निघत आले आहेत आणि परीक्षा मार्चमध्ये होत आली आहे. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुले नाताळासाठी गावी येतात तेव्हाच त्यांच्याशी बोलावे लागेल. निकालानंतर जून महिन्यात बोलून उपयोग नाही. निर्मला निकेतन, कर्वे संस्था आणि आपल्या विद्यापीठाशी संलग्न समाजकार्य महाविद्यालये यांच्या प्रवेशाच्या वेळा निराळ्या असतात, त्या ज्या त्या महाविद्यालयात विचारून घ्याव्यात. धर्मग्रामातील युवा संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी या नाताळात, गव्हाणी आणि नाटकाच्या तयारीतून एक संध्याकाळ बाजूला काढून, अशा मुलामुलींची यादी तरी करून ठेवावी.